हळदीच्या वावरातले खड्डे

१

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, उद्घाटन होतं, आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामरावांच्या हळदीच्या वावरात खड्डे सापडले.

त्या वेळी हरीओम नव्या ऑफिसात स्टुलावर उभा राहून फ्लेक्स सरळ लागला की वाकडा, याचा विचार करत होता. वर ‘हरीओम कृषी सल्ला सेवा’, खाली हाताची घडी घातलेला हरीओम, आणि त्याच्या मागे क्षितिजापर्यंत गहू. एवढा सपाट गहू सबंध वाशिम जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता. पण सोयाबीन फ्लेक्सवर उठून दिसत नाही, असं फ्लेक्सवाल्याचं म्हणणं पडलं होतं.

हरीओमने खत कंपनीतली अकोल्याची नोकरी सोडली होती आणि फंड मोडून माती तपासायचं यंत्र आणलं होतं. ऑफिसची खोली त्याच्या मामांची, म्हणजे रामरावांची. रस्त्यावरची आणि बिनभाड्याची. बायको योगिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती, त्यामुळे जम बसेपर्यंत घरात स्वयंपाक होणार होता. थोडक्यात, सल्लागाराला जे जे लागतं ते सगळं तयार होतं. फक्त अजून कुणी सल्ला विचारला नव्हता.

तो त्या सकाळी मामांनी विचारला.

"कन्सल्टंट हायेस ना तू? मंग चाल वावरात अन् सांग मले, हे कोनं केलं."

वावरात अर्धं गाव जमलं होतं. किन्हीराजा फाट्याहून आत असलेल्या या गावात हळदीला पुरेल एवढं पाणी फक्त रामरावांच्या विहिरीला. दुसऱ्याच्या नव्या गाडीकडे बघावं तसं लोक वर्षानुवर्षं त्या काळ्याभोर पट्ट्याकडे बघत आले होते. हळद निघून महिने झाले होते, जमीन उघडी पडली होती आणि तिच्यात ठिकठिकाणी खड्डे होते. खोल नव्हते, वीतभरच. वर रुंद, खाली निमुळते. उकरलेली ढेकळं वाळून गेली होती आणि कडांवर पांढरी पापडी दिसत होती.

पण खड्ड्यांकडे बघतंय कोण! सगळे मधल्या एकाच खड्ड्याभोवती उभे होते. त्यात एक हिरवंगार निंबू होतं, देठाला पान असलेलं, आणि त्यावर कुंकू.

"गुप्तधन," मागून कुणीतरी म्हणालं. "अमावस्या साधली."

"निंबावर भागत नाई ते. पयले निंबू, मंग कोंबडं, मंग..."

शेजारच्या बाईने आपल्या पोराला पदराआड ओढलं आणि सगळ्यांच्या माना हळूहळू वावरातल्या खोपडीकडे, म्हणजे राखणीच्या झोपडीकडे, वळल्या.

खोपडीच्या दाराशी लखीराम उभा होता. तांड्यावरचा लखीराम, रामरावांचा गडी. ऊसतोड संपवून परत आल्यापासून तो रात्री या वावरातच जागलीला असायचा. मामा तरातरा आत गेले, त्याची खाट एका हाताने उचलली आणि खालून कापडी पिशवी ओढून बाहेर उपडी केली.

काळी माती पडली.

"ठानेदार उद्या सकाळी येते," मामा म्हणाले. "तोवर इथून हालू नको, लखीराम."

२

गुन्ह्याचा तपास करायचा अनुभव हरीओमला नव्हता. पण सल्ला द्यायला अनुभव लागतोच असं नाही, हे तो कंपनीत शिकला होता. तो खोपडीत लखीरामच्या समोर बसला.

"कायले ठेवली रे ही माती?"

"माही हाये."

"तुझं वावर टेकडीवर. लाल मुरूम. ही काळी आहे."

लखीरामने बाहेर बोट दाखवलं. बांधापलीकडून तांड्यावरच्या दोन बाया डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. खोपडीसमोर आल्यावर त्यांनी वाट सोडली आणि लांबून वळसा घातला.

"पाह्यलं?" लखीराम म्हणाला. "काल माही नात त्यायच्या लेकरायसंग खेळे. आज तिले घरी पाठवून देलं. म्हने, तुया आजा काय करन भरोसा नाई."

"म्हणून तर विचारतोय. हे जादूटोण्याचं कलम लागलं ना, तर सुटायला वर्षं जातील. तू केलंस का?"

"नाई."

"मग कोणी केलं ते पाहिलंस?"

लखीरामने विडी काढली, पेटवली नाही, पुन्हा कानावर ठेवली.

"तुमी चांगले मानूस हा, हरीभाऊ. अखाजीचं उद्घाटन करून घ्या. माहं पाहू मंग."

हरीओम उठला आणि बांधापर्यंत जाऊन थबकला. तुरुंगाच्या दारात उभा असलेला माणूस त्याच्या उद्घाटनाची काळजी कशाला करत होता?

३

संशयित म्हणून हरीओमच्या डोळ्यासमोर पहिलं नाव आलं ते गणेशचं. गणेशचं कृषी केंद्र ऑफिसच्या बरोबर समोर होतं. हरीओमने लोकांना खत कमी टाका म्हणून सांगितलं, तर सगळ्यात आधी झोप उडणार ती त्याची.

"या सल्लागार," गणेश गादीवरून न उठता म्हणाला. "मले पकडाले आले काय?"

"खड्ड्यांचं विचारायचं होतं."

"मले खंदायचं असतं तं तुह्या ऑफिसासमोर खंदलं असतं. मामाच्या वावरात जाऊन मले काय भेटते? अन् लेका, गावाची रीत तुले ठाव नाई. इथं सल्ला फुकट भेटते अन् खत उधार. तू सल्ल्याचे पैसे घ्याले निंगाला!" तो मनापासून हसला. "तरी म्या देली तुले माह्या वावरातल्या मातीची पिशवी. दुश्मनी नाई आपली."

"मामांशी काही वाकडं?"

"कायचं? उलट गिऱ्हाईक हाये. मांगच्या महिन्यात जिप्सम आनून दे म्हने वाशिमवरून. पन गावात बोभाटा नको. आता जिप्समचा काय बोभाटा होते?"

हरीओमने मान हलवली. त्याचं लक्ष समोर होतं. फ्लेक्सचा एक कोपरा खरंच वाकडा दिसत होता.

तिथून तो मामांच्या घरी गेला. मामी, तुळसाबाई, अंगणात निंबूच्या झाडाखाली वर बघत उभ्या होत्या. ऐन उन्हाळ्यात निंबं धरणारं गावातलं हे एकच झाड, आणि त्याचा मामींना मामांपेक्षा जास्त अभिमान होता.

"तुया उद्घाटनाच्या सरबताले ठेवले होते रे दोन मोठाले. सांजी मोजून झोपली मी. सकाऊन पाह्यते तं एक गायब!"

"कोणी तोडलं असेल?"

"भितीवरून आलं का कोन? दार तं आतून लावलेलं. सकाऊन पयले तुये मामाच उठते, तेच दार उघडते." मामी बोलता बोलता थांबल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "जाऊ दे. पाखरायनं पाडलं असन."

पाखरं निंबू तोडत नाहीत. देठाला पान ठेवून तर नाहीच नाही.

४

"तुला एक विचारू?" योगिनीने संध्याकाळी चहा पुढे ठेवत म्हटलं. "निंबू ताजं होतं ना?"

"हिरवंगार."

"आणि ढेकळं?"

"वाळलेली."

"म्हणजे खड्डे आधीचे आणि निंबू आज सकाळचं. या उन्हात उघड्यावर पडलेलं निंबू दुपारपर्यंत चामडं होतं. दोन वेगळी माणसं असतील."

हरीओमने कप खाली ठेवला. दिवसभरात त्याने निंबावर, कुंकवावर आणि अमावास्येवर विचार केला होता. खड्ड्यांवर मात्र एकदाही नाही. कदाचित निंबू तिथे ठेवायचं कारणच ते होतं. आता त्याने डोळे मिटून खड्डे आठवले: वर रुंद, खाली निमुळते, एक बाजू खुरप्याने सरळ तासलेली. गुप्तधन शोधणारा असलं नाजूक काम करत नाही. असले खड्डे त्याने कुठेतरी पाहिले होते.

मग त्याला आठवलं, आणि कानशिलं गरम झाली. पाहिले नव्हते, शिकवले होते. महिन्यापूर्वी, देवळासमोर, पडद्यावर चित्रं दाखवून. मातीचा नमुना असा घ्यायचा: वरचा पालापाचोळा बाजूला करा, तिरपा खड्डा खणा, एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्या. मामा पहिल्याच खुर्चीवर होते.

"पिशव्या!" तो म्हणाला.

लोकांनी आणून दिलेल्या नमुन्याच्या पिशव्या ऑफिसच्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या. त्या हरीओमने मुद्दामच उघडल्या नव्हत्या. त्या उद्घाटनाच्या दिवशी मांडवात उघडायच्या होत्या, यंत्र सगळ्यांसमोर चालवायचं होतं, निकाल माईकवर वाचायचा होता आणि सगळ्यात सुपीक मातीच्या मालकाला ढाल द्यायची होती. कंपनीत असले कार्यक्रम फार गाजत. योगिनीने तेव्हा एवढंच म्हटलं होतं, "आता दहावीचे निकालसुद्धा फळ्यावर लावत नाहीत." ते त्याने कौतुक म्हणून घेतलं होतं.

त्याने पहिली पिशवी वर्तमानपत्रावर ओतली. वर नाव होतं: सोमला, तांडा. सोमलाच्या वावरात नांगर खडकावर आपटून ठिणग्या उडत. माती काळी निघाली. दुसरी मोतीबाईची, काळी. तिसरी गणेशची, काळी. योगिनीने एकीत बोट घातलं आणि वाळकं, पिवळं, करंगळीच्या पेराएवढं काहीतरी उचललं. नाकाशी नेलं.

"हळकुंड."

गावात हळद एकाच वावरात होती.

म्हणजे सगळं गाव आपलं नाव लिहून मामांची माती घेऊन आलं होतं. एकच पिशवी उरली होती, आणि ती खुद्द मामांची होती. हरीओमने ती ओतली. मऊ, राखाडी, बारीक. हळदीचा वास नव्हता. कागदावर टिक करून काहीतरी पडलं.

नखाएवढी गोगलगाय. तलावातली.

५

मोतीबाई तांड्यावरची वडीलधारी. तिने हरीओमला सकाळच्या उन्हात अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि तो काही विचारायच्या आधीच म्हणाली, "समजलं ना तुले? मी म्हनलं होतं, त्याले समजते म्हनून. हे लोक आयकत नाई."

"का केलं, मावशी?"

"काहून म्हनजे? माह्या विनोदचं जमून राह्यलं. सोयरे येनार होते तुया उद्घाटनाले, मोठ्या कौतिकानं. अन् तू माईकवर सांगनार, विनोदच्या वावरात काई दम नाई. मंग देतीन ते पोरगी?"

"पण मावशी, तपासणी तुमच्याच फायद्याची होती."

"फायदा मंग. पाहुने पोरगी पाह्यले आले तं घरातलं बरं लुगडं नेसवतो का नाई आपन? तसंच हे. गावात बरी माती एकच. आमी मूठमूठ आनली. जमिनीले हात जोडले, माय, नेतो थोडीशी. तिले इचारलं." ती थोडी थांबली. "रामरावले नाई इचारलं."

"आणि खड्डे?"

"तूच तं शिकवले! असे तिरपे खंदा, खुरप्यानं तासा. एकानंबी चुकवलं नाई."

हरीओमच्या सल्ल्याचं आजवर एवढं काटेकोर पालन कुणी केलं नव्हतं.

"लखीराम होता तिथं?"

"त्यानंच तं म्हनलं, घ्या, मालकाचं मूठभर मातीनं काय जाते. आता बोलला तं साऱ्यायची नावं निंगतीन, अन् तुयं उद्घाटन मोडन. म्हनून गप्प हाये तो बावा." मोतीबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आमीबी गप्प हावो. लाज वाटते. पन सांगाव कसं?"

"निंबू कोणी ठेवलं?"

"निंबू?" ती जवळजवळ ओरडलीच. "या उन्हाळ्यात? आमाले वरनात पिळाले भेटत नाई, ते मातीत टाकाले आमी येडे हावो काय? ते लखीरामनंच ठेवलं म्हनून तं बाया त्याले भेऊन राह्यल्या."

खाली रस्त्यावर धूळ उडाली. पोलिसांची जीप मामांच्या घराकडे वळत होती.

६

मामा ओसरीवर बसले होते. ठाणेदार जीपशेजारी उभा राहून फोनवर बोलत होता. लखीराम पायरीखाली उकिडवा बसला होता आणि त्याच्याभोवती नेहमीपेक्षा जरा जास्तच जागा मोकळी होती.

"मामा, आत येता का जरा?"

आतल्या खोलीत हरीओमने तळहात उघडला. मामांनी गोगलगाईकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"खड्डे गावाने खणले," हरीओम म्हणाला. "नमुन्यासाठी. तुम्ही ते पाहताक्षणी ओळखलंत. माझ्या कार्यक्रमात तुम्ही पुढेच होता. मूठभर मातीसाठी तुम्ही पोलीस बोलावले नसते. मग निंबू कशाला? ते तुमच्या अंगणातलं आहे, त्याच सकाळी तोडलेलं. लोकांनी खड्ड्यांकडे बघू नये आणि माझं उद्घाटन पुढं ढकललं जावं, म्हणून."

"मी कायले मोडीन तुयं उद्घाटन? खोली मीच देली ना तुले?"

"खोली दिली. पण पिशवीत स्वतःच्या वावरातली माती दिली नाही. तलावातला गाळ दिला. गावातली सगळ्यात चांगली माती ज्याच्याकडे, त्याने गाळ का आणावा? खड्ड्यांच्या कडांना पांढरी पापडी होती, मामा. मी बघून सोडून दिली. आणि गणेशला तुम्ही जिप्सम मागितलं होतं, गुपचूप. जिप्सम खारवटलेल्या जमिनीला घालतात, हे मला माहीत आहे."

मामांनी भिंतीवरच्या बक्षिसांकडे बघितलं. पीक स्पर्धेच्या ढाली होत्या, धूळ पुसलेल्या.

"दोन सालं झाले," ते म्हणाले. "हळद बसून राह्यली. पांढरं फुटून राह्यलं. पानी देत गेलो, खत टाकत गेलो. वावर मरून राह्यलं, मले दिसत नाई काय? पन गावात अजून म्हनते, जमीन पाहाव तं रामरावची." त्यांनी एक ढाल सरळ केली. "ते खड्डे पाह्यले अन् मले समजलं. साऱ्यायच्या पिशवीत माही माती. तू यंत्र लावशीन, माईकवर सांगशीन, ही खराब, तेबी खराब. मंग एकजन उठला असता अन् म्हनला असता, साहेब, हे आमची नोहे, रामरावची होय."

"आणि लखीराम?"

"त्याचा जामीन मीच देनार होतो."

हे मामांनी अगदी सरळपणे सांगितलं. बाहेर जीपचं दार वाजलं.

"दोनपैकी एक करा," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही जाऊन सांगा, नाहीतर मी पिशव्या आणि ही गोगलगाय ठाणेदारासमोर ठेवतो. मग सगळ्या गावाचं नाव निघेल. तुमचंही."

मामा उठले. दाराशी जाऊन त्यांनी हात मागे केला, वळून न बघता.

"खोलीची चाबी दे."

हरीओमने दिली.

ओसरीवरून मामांचा आवाज आला, नेहमीसारखाच खणखणीत. "गैरसमज झाला, साहेब. डुकरायनं उकरलं. निंबू आमच्या घरचंच, लेकरायनं टाकलं असन. च्या घेऊन जा."

लखीराम उठला, त्याने टोपी झटकली आणि तो फाटकाकडे चालू लागला. मामांनी मागून हाक मारली. तो थांबला नाही.

७

अखाजीला उद्घाटन झालं नाही. हरीओमने यंत्र घराच्या ओट्यावर मांडलं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. फ्लेक्स ओट्याला मोठा होत होता, तेव्हा योगिनीने तो उलटा करून वर सावलीला बांधला. गव्हाचं शेत आणि हाताची घडी आभाळाला दिसत होती. ढाल तिने शाळेसाठी ठेवून घेतली.

दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग मोतीबाई आली, पदराखाली काहीतरी धरून. आधी तिने ओट्याचे चारही कोपरे बघितले.

"माईक नाई ना?"

"नाही."

तिने पिशवी ठेवली. लाल, खडे असलेली, टेकडीवरची. "ही आमची. कोनाले सांगू नको."

हरीओमने यंत्र लावलं आणि निकाल तिच्या कानाजवळ जाऊन सांगितला. जमीन हलकी होती, पण आजारी नव्हती. शेणखत मिळालं तर सुधारणार होती. मोतीबाईने दोनदा विचारून घेतलं, खरंच का, आणि विनोदला सांगू का. मग एकेक करून बाकीचे आले. कुणी दुसऱ्याच्या पिशवीकडे बघत नव्हतं. लखीराम आला तो नातीचा हात धरून. शिरपूरकडे वीटभट्टीवर काम बघितलंय, म्हणाला. त्याची मातीही लालच होती. ओट्यावरच्या बायांनी नातीला बसायला जागा करून दिली, पण जरा घाईने. त्या घाईत अजून थोडी भीती होती, आणि ती कुठल्या यंत्रात दिसणार नव्हती.

ऊन उतरल्यावर मामी आल्या. हातात ताट, ताटावर रुमाल. रुमालाखाली पुरणपोळी होती आणि पोळीच्या बाजूला एक पिशवी. तिच्यावर नाव नव्हतं.

"कोनाची ते इचारू नको," मामी म्हणाल्या.

हरीओमने ती कागदावर ओतली. काळी माती, आणि तिच्यात पिवळा तुकडा. त्याने यंत्र लावलं. आकडा पाहिला, पुसून पुन्हा लावलं, पुन्हा तोच आला. एवढा क्षार त्याने कंपनीतल्या इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

"सांगू, मामी?"

"मले नको सांगू. ज्याची हाये त्याले सांग." त्यांनी रुमाल घडी केला. "हे वावर वाचते का, एवढंच त्यायले पुसायचं हाये. दोन रात्री झाले, जेवले नाई ते."

"वाचेल. पण वेळ लागेल. आणि हळद बंद करावी लागेल."

"मंग येऊन तसं सांग." मामी पायरी उतरल्या आणि थांबल्या. "पन मांगच्या दारानं ये."

हरीओमने पायात चपला सरकवल्या. नाहीतरी रस्त्यावरच्या ऑफिसच्या दाराला मामांचं कुलूप होतं, आणि सगळ्यात आधी सल्ला विचारलेल्या या पहिल्या गिऱ्हाइकाला त्याने वाट बघायला लावली नाही.